वाचनालयात आपलं नाव

आपल्या मोहल्ल्यात तालीम या विषयावर सभा झाली की मागण्यांची यादी ठरलेली असते. उर्दू शाळेला शिक्षक द्या, मुलींसाठी वसतिगृह द्या, शिष्यवृत्ती वेळेवर द्या, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांना अभ्यासिका द्या. या मागण्या खऱ्या आहेत आणि त्यांच्यासाठी भांडायलाच हवं. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत अशा एकाही सभेत मी हा प्रश्न ऐकला नाही, की गावात जे सार्वजनिक वाचनालय आधीपासून आहे, त्यात आपली किती मुलं जातात? परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. तालुक्याच्या गावी आणि कितीतरी खेड्यांतही सरकारी अनुदानावर चालणारं वाचनालय असतं. त्याची पाटी आपण येता-जाता बघतो. आत जात नाही.

मी शिक्षिका आहे, उर्दू आणि मराठी शिकवते. दोन लहान मुलांची आई म्हणून अलीकडे मी पुन्हा वाचनालयाची पायरी चढले. तिथं जे पाहिलं त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि तेच इथं मांडते. सार्वजनिक वाचनालय ही आपल्या मुलांच्या हक्काची जागा आहे. ती आपल्याला कुणी नाकारलेली नाही, आपण तिच्याकडे मागणी केलेली नाही. आणि ही मागणी मोर्चा काढून करायची नसते, तिथल्या नोंदवहीत नाव घालून करायची असते.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत, म्हणजे 1990 च्या दशकाच्या अखेरीस, वाचनालय म्हणजे मुख्यतः वर्तमानपत्रांचं लांब टेबल. अब्बा संध्याकाळी तिथं जायचे. एक उर्दू दैनिक यायचं, तेही एक दिवस शिळं, पण चार-पाच माणसं त्याची वाट बघत बसलेली असायची. बीएडच्या वर्षी मी तिथून संदर्भाची पुस्तकं आणली, मराठी कादंबऱ्या आणल्या. मग नोकरी, लग्न, मुलं, बदली. पुस्तकं लागली तर विकत घेतली. आज तिथं ते उर्दू दैनिक येत नाही. ग्रंथपाल म्हणाले, “मॅडम, मागणारे राहिले नाहीत, म्हणून बंद केलं.” हे वाक्य महत्त्वाचं आहे. त्यात द्वेष नव्हता, हिशेब होता. वाचनालय मागणीवर चालतं. माझ्या अब्बांच्या पिढीची माणसं गेली, त्यांच्या जागी आमची पिढी येऊन बसली नाही, आणि एका दैनिकाची वर्गणी थांबली.

आता घरातली गोष्ट. थोरली नऊ वर्षांची, उर्दू माध्यमात चौथीला. धाकटा सहा वर्षांचा, मराठी माध्यमात पहिलीला. अशी वाटणी आपल्यातल्या कितीतरी घरांत असते. कुठली शाळा जवळ, कुठं प्रवेश मिळाला, कुणाचा काय सल्ला, यावर माध्यम ठरतं. घरात आम्ही दखनी बोलतो. म्हणजे एकाच छताखाली दोन लिप्या, एक उजवीकडून सुरू होणारी, एक डावीकडून, आणि बोलायची भाषा तिसरीच, जिची पुस्तकं कुठल्याच दुकानात नाहीत. बहीण-भावाच्या दप्तरांत एकमेकांनी उघडून वाचावं असं काही नाही. दोघांच्या हातात सारखी येणारी वस्तू एकच, मोबाइल.

वर्गातही हेच दिसतं. उर्दू माध्यमाची मुलं मराठीचं ‘सुलभभारती’ वाचतात. प्रश्नोत्तरं तोंडपाठ करतात, पेपरात गुणही मिळवतात. पण सातवी-आठवीच्या मुलाला दवाखान्याबाहेरची सूचना वाचायला सांगा, बँकेचा मराठी फॉर्म भरायला सांगा, तो अडखळतो. बुद्धी कमी आहे म्हणून नाही. त्याच्या आयुष्यात मराठी फक्त परीक्षेच्या रूपात आलेली असते. वर्षाला मोजके धडे, तेही तपासले जाणारे. कुठलीही भाषा हाताला बसायला सोपं, भरपूर आणि बिनपरीक्षेचं वाचन लागतं. गोष्ट आवडली नाही तर अर्ध्यात सोडून दुसरी उचलायची मुभा लागते. ही मुभा पाठ्यपुस्तक देऊ शकत नाही. शिक्षणहक्क कायद्याने (2009) प्रत्येक शाळेत ग्रंथालय सांगितलं आहे, त्यात गोष्टींची पुस्तकंही सांगितली आहेत. पण बऱ्याच शाळांत ते एका कपाटापुरतं असतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे मुलांना सगळ्यात जास्त वेळ असतो तेव्हा, ते बंद असतं.

म्हणून एका शनिवारी दोघांना घेऊन गेले. वाचनालयाचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका वाचनालयाचा नाही. आत शांतता. खुर्च्यांवर पंचविशीतली पोरं जाडजूड गाइड घेऊन बसलेली, पेपरच्या टेबलाशी चार आजोबा. बाई मी एकटीच. लिपिक म्हणाले, “लहान मुलं कशाला आणलीत? इथं पोरं अभ्यास करतात.” मी विचारलं, मुलांची पुस्तकं कुठं आहेत? ती होती. मागच्या भिंतीला लागून लोखंडी कपाट होतं, त्याला कुलूप होतं, आणि किल्ली शोधायला दहा मिनिटं गेली. कपाट उघडल्यावर धूळ उडाली. आत ‘किशोर’चे जुने अंक, नॅशनल बुक ट्रस्टची पातळ सचित्र पुस्तकं, विज्ञानकथा, थोरांची चरित्रं, इसापच्या गोष्टी. दीडशे-दोनशे पुस्तकं तरी असतील. अनुदानातून आलेली, शिक्के मारलेली, कित्येकांची पानं एकमेकांना चिकटलेलीच.

धाकट्याने हत्तीचं चित्र असलेलं पुस्तक पोटाशी धरलं आणि म्हणाला, “अम्मी, ये मेरेकू होना.” अनामत भरली, महिन्याची वर्गणी भरली. दोघांची मिळून जी रक्कम झाली, तेवढ्यात बाजारात एक चांगलं चित्रांचं पुस्तक आलं नसतं.

त्यानंतर आम्ही दर शनिवारी जातो. चमत्कार झाला असं सांगणार नाही. मुलं अजूनही मोबाइल मागतात. पण दोन-तीन गोष्टी घडल्या. थोरली अक्षर-अक्षर जुळवत धाकट्याला मराठी गोष्ट वाचून दाखवते, कारण भावासमोर ती मोठी आहे आणि चुकलं तरी तिला गुण कापले जाण्याची भीती नाही. तिला मराठी पुस्तकात ओळखीचे शब्द भेटायला लागले. कागद, शहर, दुकान, हजर, तारीख, फक्त. “अम्मी, ये तो अपनाच लफ्ज है!” फारसी-अरबीतून शेकडो शब्द मराठीत आले आणि मराठीचेच होऊन गेले, हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवते. तिला ते गोष्टीच्या पानावर स्वतः सापडले. आणि धाकटा आता उर्दू अक्षरं विचारतो, कारण ताईला जे वाचता येतं ते आपल्याला का येत नाही, हा त्याचा रोजचा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. आम्ही जायला लागल्यावर लिपिकांनी कपाटाचं कुलूप काढून ठेवलं. मग पेपर वाचायला येणाऱ्या एका आजोबांनी नातीला आणलं. मग आणखी दोघं आली. एका हत्तीच्या पुस्तकावरून दोन मुलांचं भांडण झालं आणि शेवटी दोघांनी ते मधे ठेवून चित्रं पाहिली. एकाचं आडनाव काय, दुसऱ्याचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. आज आपल्या गावांत वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, ट्यूशन वेगळी होत चालली आहे. सगळ्यांची मुलं एका बाकावर बसतील अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. परभणीत फेब्रुवारीत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस भरतो तेव्हा सगळा जिल्हा, सगळ्या धर्मांची माणसं एकत्र येतात आणि आपण त्याचा अभिमान सांगतो. उरूस वर्षातून एकदा येतो. वाचनालय रोज उघडतं.

आता हे चालतं कसं, ते समजून घेऊ. कारण रागावण्याआधी कुणावर रागवायचं हे कळायला हवं. महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानुसार ग्रंथालय संचालनालय आहे, जिल्ह्याला ग्रंथालय अधिकारी आहे. पण गावोगावची बहुतेक वाचनालयं सरकार स्वतः चालवत नाही. ती लोकांनी स्थापन केलेल्या नोंदणीकृत संस्था आहेत. सरकार त्यांना अ, ब, क, ड असा वर्ग देतं आणि वर्गाप्रमाणे अनुदान देतं. ग्रंथसंख्या किती, वाचक किती, नियतकालिकं किती, दिवसाला किती तास उघडं असतं, यावर वर्ग ठरतो. मोठ्या वर्गाच्या ग्रंथालयाकडून बालविभाग आणि महिला विभागाचीही अपेक्षा असते.

अनुदानाचे आकडे बघा. 2022 च्या अखेरीस सरकारने त्यात 60 टक्के वाढ केली. त्या वाढीनंतरही ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला मिळू लागले ते 48 हजार रुपये. त्याआधी 30 हजार होते. यातला साधारण अर्धा भाग पगारावर धरला तर खेड्यातल्या ग्रंथपालाच्या हातात महिन्याला दोन हजार रुपये पडतात. उरलेल्यात पुस्तकं, पेपर, वीज, भाडं. जो माणूस दोन हजारांवर कुलूप उघडतो आणि लावतो, त्याच्याकडून आपण रंगीत बालविभाग, गोष्टींचा तास आणि हसतमुख स्वागत यांची अपेक्षा करतो. मी त्या लिपिकांवर चिडले नाही. त्यांना वर्षानुवर्षं कुणी मुलांची पुस्तकं मागितलीच नव्हती. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक या राज्यांत ग्रंथालयांसाठी मालमत्ता करासोबत वेगळा उपकर घेतला जातो. आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही. ही लढाई राज्याच्या पातळीवरची आहे आणि ग्रंथालयांच्या कर्मचाऱ्यांनी ती अनेक वर्षं एकट्याने लढली आहे. पालकांनी त्यांच्या बाजूने कधी आवाज काढला?

पण याच रचनेत आपल्यासाठी एक दार आहे. संस्था लोकांची आहे, म्हणजे तिला घटना आहे, सभासद आहेत, वार्षिक सभा आहे, कार्यकारिणी आहे. पुस्तकं घेण्यासाठी वर्गणी भरणारा वाचक वेगळा आणि संस्थेचा मतदानाचा हक्क असलेला सभासद वेगळा, असा फरक बऱ्याच ठिकाणी असतो. तो समजून घ्यावा आणि शक्य असेल त्याने दोन्ही व्हावं. “त्यांचं वाचनालय” असं आपण म्हणतो तेव्हा खरं तर एवढंच म्हणत असतो, की त्या सभासदांच्या यादीत आपलं नाव नाही. नाव घालायला कायद्याने अडवलेलं नाही.

आपल्या भागाचा इतिहासही इथं आठवायला हवा. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. उर्दूसाठी ती मोठी गोष्ट होती, यात शंका नाही. पण मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या रयतेच्या भाषांना सरकारदरबारी जागा तुटपुंजी होती. सभा घ्यायची तर परवानगी, तिच्यासाठी कुप्रसिद्ध ‘गश्ती निशाण 53’. अशा दिवसांत लोकांनी वर्गण्या काढून वाचनालयं उभी केली. हैदराबादेत तेलुगू भाषकांनी 1901 साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम सुरू केलं. मराठवाड्यातही गावोगावी मराठी वाचनालयं निघाली. परभणीचं गणेश वाचनालय त्याच निजामी अमलातलं. याच जिल्ह्यातल्या सातोन्याचे बी. रघुनाथ निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी करत होते. कचेरीचं काम उर्दूत आणि लेखन मराठीत. त्यांचं नाव आज परभणीच्या सभागृहाला आहे.

मला यातून दोन्ही बाजूंना काही सांगायचं आहे. राज्याची भाषा उर्दू होती तेव्हा मराठीला वाचनालयांनी सांभाळलं. आज राज्याची भाषा मराठी आहे. मग त्याच वाचनालयांनी उर्दूची एक फळी सांभाळावी, ही मागणी त्यांच्या परंपरेला धरूनच आहे. कुठल्याही भाषेचं मूल वाचनापासून तुटू नये, यासाठीच तर ती निघाली होती. आणि आपल्या लोकांना हे, की तेव्हाच्या मराठी माणसाने दरबाराची उर्दू शिकली म्हणून त्याची मराठी बुडाली नाही. आपल्या मुलांनी मराठी मनापासून वाचली म्हणून त्यांची उर्दू बुडणार नाही. माझ्या अनुभवात उलटच दिसतं. जे मूल एका भाषेत आनंदाने वाचतं, ते दुसऱ्या भाषेकडे लवकर वळतं.

हे बोलले की चार आक्षेप येतात. पहिला म्हणजे, “तिथं आपल्या मुलांसाठी आहे काय? उर्दूचं एक पुस्तक नाही.” खरं आहे. पण मिळत नाही असं नाही. नॅशनल बुक ट्रस्ट मुलांची पुस्तकं मराठीत काढतं तशी उर्दूतही काढतं. दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचं ‘बच्चों की दुनिया’ हे मासिक स्वस्तात येतं. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकांसाठी आणि बालविभागासाठीही मदत करतं. मागणी नोंदवहीत दहा पालकांनी उर्दू बालपुस्तकांची नावं लिहिली, तर कार्यकारिणीला त्याचा विचार करावा लागेल. नोंदवही कोरी असेल तर त्यांनी कशाचा विचार करायचा? आणि दुसरं, मराठी पुस्तकं “आपल्या मुलांसाठी” नाहीत असं आपण का धरून चालतो? 1971 पासून बालभारती ‘किशोर’ काढतं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलासाठी काढतं. त्यात माझा मुलगाही आला.

दुसरा आक्षेप बायकांचा. “सगळे पुरुष बसलेले असतात, आपण कसं जायचं?” हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पहिल्या दिवशी मलाही त्या नजरा जाणवल्या. पण महिला विभाग ही आपण मागायची सवलत नाही, मोठ्या ग्रंथालयाकडून ती अपेक्षाच आहे. तोवर साधा मार्ग असा, की दोघी-तिघींनी मिळून जावं, ठरलेल्या वारी जावं. आम्ही आता चौघी जातो. त्यातली एक मुस्लिम नाही. पुरुषांनाही एक गोष्ट सांगते. जुम्याच्या नमाजनंतर मुलाचं बोट धरून बाजारात जाता, तसं महिन्यातून दोनदा वाचनालयात जा. मुलाला शाळेत घालणं ही आईची आणि अब्बाची दोघांची जबाबदारी आहे, तर गोष्टीचं पुस्तक एकट्या आईची कशी?

तिसरा आक्षेप मोबाइलचा. “सगळं नेटवर फुकट आहे.” आहे, आणि चांगलंही आहे. ‘किशोर’चे जुने अंक नेटवर वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर 2015 पासून मराठी, उर्दू आणि कितीतरी भाषांतल्या सचित्र गोष्टी मोफत आहेत. एकच गोष्ट दोन्ही लिप्यांत मिळू शकते. माझ्यासारख्या दुभाषी घराला यापेक्षा काय हवं? मी त्या वापरते. पण मोबाइलवर गोष्ट संपली की पुढचं काय बघायचं ते मोबाइल ठरवतो. कपाटासमोर उभं राहिलेलं मूल स्वतः ठरवतं. शिवाय पंधरा दिवसांनी पुस्तक परत करायचं असतं, ते फाडायचं नसतं, दुसरं कुणी वाट बघत असतं. हा अदब पडद्यावर शिकता येत नाही.

चौथा आक्षेप सगळ्यात वजनदार. “आपण आपलीच वाचनालयं का काढू नयेत?” काढावीत. त्याचं उत्तम उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. जानेवारी 2021 मध्ये, कोरोनाने शाळा बंद असताना, औरंगाबादच्या बायजीपुऱ्यात मरियम मिर्झा या सातवीतल्या मुलीने मोहल्ल्यातल्या मुलांसाठी छोटं वाचनालय सुरू केलं. तिचे वडील मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी यांच्या रीड अँड लीड फाउंडेशनने ते पुढे नेलं आणि शहरात अशी तीसहून अधिक मोहल्ला वाचनालयं उभी राहिली. नांदेडला सरकारने उर्दू घर बांधलं आहे. याचा आनंदच आहे. परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड, सेलू, मानवत, प्रत्येक ठिकाणी मोहल्ला वाचनालय निघावं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला घरापासून दोन गल्ल्यांवर पुस्तक मिळायलाच हवं.

पण मोहल्ल्याचं वाचनालय हा पहिला टप्पा आहे, शेवटचा नाही. मोहल्ल्यात मूल आपल्याच मुलांमध्ये वाचतं. सार्वजनिक वाचनालयात ते दुसऱ्यांच्या मुलांमध्ये वाचतं, आणि दुसऱ्यांची मुलं त्याच्यासोबत. उद्या ज्या गावात त्याला दुकान टाकायचं आहे, नोकरी करायची आहे, मत द्यायचं आहे, त्या गावाच्या एका संस्थेत त्याचं नाव लहानपणापासून असतं. शिवाय सार्वजनिक वाचनालयाला मिळणारं अनुदान आपल्याही करातून जातं. आपण जाणं सोडलं म्हणून तो पैसा आपल्याकडे परत येत नाही. फक्त त्यातून काय खरेदी व्हावं हे सांगणारा आपला आवाज तिथं राहत नाही.

बालविभाग म्हणजे मोठ्या शहरांचे लाड, असं कुणाला वाटत असेल तर बडोद्याकडे पाहावं. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून मोफत ग्रंथालयांचं जाळं सुरू केलं. पेट्यांत पुस्तकं भरून ती खेड्यांत फिरवली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली ठेवली. शिकलेलं मूल वाचत राहिलं नाही तर शिकलेलं विसरतं, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. केरळच्या गावोगावच्या ग्रंथालयांत मुलांची ‘बालवेदी’ असते. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतल्या दोघांचा आशय असा, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. कुलूपबंद कपाटातली ती दोनशे पुस्तकं आपल्या वाचकांची वाट बघत होती आणि त्यांचे वाचक चार गल्ल्या पलीकडे राहत होते.

तेव्हा करायचं काय? पालकांनी मुलाच्या नावाने वर्गणी भरावी, मुलाला स्वतः रजिस्टरवर सही करू द्यावी आणि वार ठरवून जावं. मागणी नोंदवही मागून घ्यावी आणि तिच्यात स्पष्ट अक्षरात पुस्तकांची नावं लिहावीत, मराठी आणि उर्दू दोन्ही. उर्दू शाळांच्या शिक्षकांनी वर्षातून दोनदा तरी वर्ग तिथं न्यावा. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन शाळेच्या मैदानावर भाषणं ठोकण्यापेक्षा वाचनालयात साजरा करावा. निवृत्त शिक्षकांनी आठवड्याला एक तास गोष्टी सांगायला द्यावा. जिल्ह्यात ग्रंथोत्सव होतो, त्यात उर्दूचा एक स्टॉल मागावा.

वाचनालयांच्या कार्यकारिणीलाही हात जोडून सांगते. मुलांच्या कपाटाचं कुलूप काढा. पुस्तकं फाटतील, फाटू द्या, न फाटलेलं बालपुस्तक म्हणजे न वाचलेलं पुस्तक. अभ्यासाला बसणाऱ्या पोरांना शांतता हवी हे खरं, तर शनिवार-रविवारचे दोन तास तरी मुलांच्या आवाजासाठी ठेवा. आणि वार्षिक सभेची नोटीस लावाल तेव्हा एक प्रत आमच्या शाळांच्या फलकावरही लावा. मोहल्ल्यातून कुणी येत नाही ही तुमची तक्रार असेल, तर आधी निमंत्रण तरी पोहोचू द्या.

पहिली वही ज्या शब्दाने उघडते तो शब्द आपण सगळे जाणतो. ‘इक्रा’, वाच. शाळांच्या, संस्थांच्या, ट्यूशन क्लासच्या पाट्यांवर तो आपण सोनेरी अक्षरात लिहितो. आता तो थोडा छोट्या अक्षरात लिहायची गरज आहे. गावातल्या वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये, निळ्या शाईने, वर्गणीदाराच्या रकान्यात, आपल्या मुलाच्या नावाच्या रूपाने. पुढच्या वेळी कार्यकारिणी पुस्तकांची यादी करायला बसेल तेव्हा ती तेच रजिस्टर उघडेल.